तळघर पाहायला कोण येणार?

टेबलावर ग्लास मांडलेले होते. प्रत्येकात दोन घोट पांढरी वाइन. समोर बसभर माणसं उभी होती आणि एकाचाही हात पुढे येत नव्हता. सगळे भिंतीवरची चित्रं मन लावून बघत होते. चित्रं दोनच होती.

"स्मिता," ग्रँट माझ्या कानाशी पुटपुटला, "आर दे अनवेल?"

"दे आर फाइन," मी म्हटलं. "गिव्ह मी टेन मिनिट्स."

दहा मिनिटांत मी काय करणार होते हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पण आमच्या धंद्यात आधी 'होईल' म्हणायचं असतं आणि मग डोकं चालवायचं असतं. आजवर माझं असंच निभावलं आहे.

मी क्यूबेक सिटीत शोअर एक्स्कर्शनचं काम करते. क्रूझचं जहाज बंदराला लागलं की प्रवासी दिवसभरासाठी खाली उतरतात. त्यांना कुठे न्यायचं, बस कोणती, गाइड कोण, जेवण कुठे, वॉशरूम कुठे आणि मुख्य म्हणजे जहाज सुटायच्या आत सगळी माणसं परत कशी आणायची, हे आमची छोटी कंपनी बघते. जहाजवाले आमच्या सहली स्वतःच्या नावाने विकतात. त्यासाठी प्रत्येक जहाजावर एक मॅनेजर असतो, त्याला शोरेक्स मॅनेजर म्हणतात. ग्रँट तो. मूळचा न्यूफाउंडलंडचा, उंच, चटपटीत, बोलायला गोड. सहल चालू ठेवायची की बंद करायची हे मात्र तोच ठरवतो, आणि तेव्हा त्याचा गोडवा कामाला येत नाही.

'फॉल्स अँड वाइनरी' ही सहल मी बसवलेली. सकाळी माँमोरान्सीचा धबधबा, मग पूल ओलांडून ऑर्लेआं बेटावर ल्युसीची वाइनरी. ल्युसीने वडिलांची सफरचंदाची बाग सांभाळून शेजारी द्राक्षं लावली. इथला हिवाळा सोसणारी द्राक्षं. गिऱ्हाईक येतं ते जहाजांच्या मोसमात. नंतर बर्फ पडला की ती आणि तिचा ट्रॅक्टर, दोघंच. तिचं सगळं वर्ष आमच्या बसेसवर चालतं म्हटलं तरी चालेल. आणि त्या मोसमात तिच्याकडचं टेस्टिंग थंड पडायला लागलं होतं. लोक यायचे, एक घोट घ्यायचे, फोन बघत बसमध्ये जाऊन बसायचे.

"मला बस आउटलेट मॉलला पाठवता येईल," ग्रँट फोनवर म्हणाला होता. "लोकांना शॉपिंग आवडतं. मी पुढच्या खेपेला स्वतः बसमध्ये बसतो. संध्याकाळी सांगतो, वाइनरी राहणार की जाणार."

"कुठल्या बसमध्ये बसणार?"

"तू सांग."

मी यादी बघितली आणि ही बस निवडली. अख्खी बस एकाच मराठी कुटुंबाने घेतली होती. आपली माणसं, आपली भाषा. म्हटलं, ही बस मी डाव्या हाताने सांभाळते. त्यातून बुकिंग करणारा प्रसाद कनाटा गावातल्या एका टेलिकॉम कंपनीतला. त्याने मला आधी फोन करून तीन प्रश्न विचारले होते. रेड पण असते ना? आइस सायडर मिळते ना? आणि टेस्टिंगला ग्लास किती? धबधब्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. असं गिऱ्हाईक सोडून मी दुसरी बस कशाला निवडू?

निमित्त होतं प्रसादच्या आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीचं. आप्पा आणि माई, मूळचे सांगलीचे. आप्पा पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. प्रसादने जगभरातून सगळ्यांना गोळा केलं होतं. भाऊ, बहिणी, चुलतभाऊ, सुना, जावई, आणि बहिणीचे सासरे नानासाहेब, म्हणजे आप्पांचे व्याही. हे खास कोल्हापूरहून आलेले, कडक इस्त्रीच्या शर्टात.

सकाळ झकास गेली. बंदरावरून बस निघाली न निघाली तोच डबे उघडले. ग्रँटसमोर पहिला लाडू आला. तो म्हणाला, "नो, थँक यू." त्याला वाटलं विषय संपला. प्रसादची बायको म्हणाली, "अहो घ्या हो, एक तरी." मग माई म्हणाल्या, "इतका मोठा माणूस आणि एक लाडू जड होतो का?" मी भाषांतर केलं. धबधबा येईपर्यंत ग्रँटच्या दोन्ही हातांत लाडू होते आणि मांडीवर चिवड्याची कागदी प्लेट.

"मी नाही म्हटलं होतं ना?" त्याने मला विचारलं.

"ते पहिलं 'नाही' होतं. आमच्यात ते धरत नाहीत."

धबधब्यावर सगळे भिजले आणि खूश झाले. आप्पा काठी टेकत धबधब्यावरच्या पुलाच्या तोंडापर्यंत आले, तिथेच थांबले आणि पडणाऱ्या पाण्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

"पोरी, डिस्चार्ज किती याचा?"

मी सांगितलं, मला माहीत नाही, पण उंची नायगारापेक्षा जास्त आहे.

"उंची काय चाटायची? पाणी किती ते सांग." ते स्वतःशीच हिशेब करत बसमध्ये चढले. मला हा माणूस फार आवडला. माझे वडीलही नागपूरला कुठलीही मोठी गोष्ट दिसली की आधी तिची मापं विचारायचे.

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. मग आम्ही ल्युसीकडे पोचलो, आणि ग्लासांसमोर चित्रप्रदर्शन सुरू झालं.

माझा पहिला अंदाज होता, लाडवाचंच प्रकरण असणार. ल्युसीने हसून विचारलं होतं, "वुड यू लाइक टू ट्राय?" आणि सगळे एका सुरात म्हणाले होते, "नो नो, वुई आर फाइन." ल्युसीला शिकवलेलं, पाहुणा नाही म्हणाला की मागे व्हायचं. ती मागे झाली. आणि आमची माणसं, पुन्हा कुणी विचारतंय का, याची वाट बघत उभी राहिली. मॉन्ट्रियलला आमच्या मंडळाच्या जयंतीच्या कार्यक्रमात जेवणाची जबाबदारी माझ्याकडे असते, त्यामुळे हे मी पुष्कळ पाहिलं आहे. न विचारता वाढलं तर पातेलं रिकामं होतं. विचारून वाढलं तर पातेलं घरी न्यावं लागतं.

मी ल्युसीला बाजूला घेतलं. "चीज आणि द्राक्षाचा ज्यूस घेऊन फिर. विचारू नको. हातात दे."

"आणि वाइन?"

"वाइनचं नको." इथे दारूचा आग्रह करता येत नाही. परवाना जातो.

ज्यूस आणि चीजचा उपाय लागू पडला. प्लेटा रिकाम्या झाल्या, आवाज चढले, माईंनी ल्युसीला चीज कसं लावतात ते विचारून घेतलं. पण वाइनचे ग्लास तसेच. ज्यूस पिता पिता लोक त्या ग्लासांकडे बघायचे आणि नजर फिरवायचे. म्हणजे इच्छा होती, आणि अडचण दुसरीच होती.

मी प्रसादला गाठलं. "काय हो, तीन प्रश्न विचारले होतेत. आता काय झालं?"

"ताई, हळू." त्याने खिडकीकडे डोळ्यांनी खूण केली. खिडकीजवळच्या खुर्चीत आप्पा बसले होते, शेजारी माई. "आप्पांसमोर कसं घेणार? आय मीन, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, पण तरी."

"त्यांना चालत नाही?"

"माहीत नाही. कधी विषयच निघाला नाही. आणि नुसते आप्पा नाहीत. जावयांसमोर नानासाहेबांना घेता येत नाही, नानासाहेबांसमोर जावयांना. वुई डिडन्ट थिंक धिस थ्रू."

मी खोलीवर नजर फिरवली आणि सगळा गुंता समजला. नानासाहेब बाटलीवरचं लेबल चष्मा लावून वाचत होते. जावई लांब उभा राहून त्यांचं वाचून होण्याची वाट बघत होता. सुना सासूकडे बघत होत्या. खोलीत असा एकही माणूस नव्हता ज्याला दुसऱ्या कुणाचा तरी मान ठेवायचा नव्हता. सहल बसवताना मी बसची उंची, पुलाची रुंदी, वॉशरूमची संख्या, सगळं तपासलं होतं. हे तपासायचं असतं हे मला, नागपुरात वाढलेल्या बाईला, सुचलं नव्हतं. स्वतःचा राग आला. पण रागाला वेळ नव्हता, ग्रँट दाराशी उभा राहून फोनवर आउटलेट मॉलचा नकाशा बघत होता.

"ल्युसी, तुझं तळघर उघडं आहे?"

"ला काव्ह? तिथे पिंपं आहेत नुसती. थंडी आहे, पायऱ्या वाईट आहेत. मे पुर्क्वा?"

"कशाला ते नंतर सांगते. ग्लासांचे ट्रे खाली ने."

ट्रे गेले. मी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि गाइडचा आवाज काढला. "मंडळी, या घराखाली फार जुनं दगडी तळघर आहे. बघण्यासारखं आहे. जागा कमी असल्यामुळे थोडे थोडे जाऊ. पायऱ्या अवघड आहेत, म्हणून ज्येष्ठांनी वरच बसलेलं बरं. तर, तळघर पाहायला कोण येणार?"

एका क्षणात इतके हात वर आले की ल्युसी दचकली.

पहिल्या तुकडीत प्रसाद आणि सगळे भाऊ गेले. नानासाहेब जागचे हलले नाहीत. "मी पुढच्या खेपेला जातो," ते मला म्हणाले. "जुन्या बांधकामाची मला आवड आहे. गर्दीत नीट बघता येत नाही." दुसऱ्या तुकडीत ते आणि त्यांच्या वयाचे दोघं गेले. जावयांची तिसरी तुकडी. मग प्रसादची बायको कंबरेवर हात ठेवून समोर आली. "ताई, बायकांना तळघर दाखवायचं नाही असा काही नियम आहे का?" चौथ्या तुकडीचं हसणं वरपर्यंत ऐकू येत होतं.

ग्रँट प्रत्येक तुकडीबरोबर उतरत होता. शेवटी वर आला तेव्हा त्याने फोन खिशात टाकला होता. "खाली कुणीच फोन बघत नाहीये," तो म्हणाला. "ते ल्युसीला प्रश्न विचारतायत. एका काकांनी मला पिंपावर टेकवून त्यांच्या कारखान्याची गोष्ट सांगितली. रेड संपली. व्हॉट डिड यू डू?"

"काही नाही. खोली बदलली."

मला वाटलं, जिंकलं. मी खुर्चीवर टेकणार तेवढ्यात काठीचा आवाज आला. आप्पा. त्यांनी मला काठीनेच जवळ बोलावलं.

"सगळ्यांनी तळघर पाहिलं?"

"हो आप्पा."

"सगळ्यांचे चेहरे उजळलेत बघून."

मी टेबलावरच्या प्लेटा गोळा करायला लागले.

"मग आम्ही दोघांनीच काय घोडं मारलंय?"

"आप्पा, पायऱ्या फार उभ्या आहेत. कठडाही नाही. तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांचं मला सांगू नकोस. धरणाच्या पोटात उतरून मी गळती तपासायचो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मला पिंपं बघायची नाहीत. तळघरात जे आहे ते वर येऊ शकतं का, एवढंच विचारतोय."

मी त्यांच्याकडे बघितलं. माई खिडकीबाहेर बघत होत्या, पण कान इकडेच होते.

"ऐक," आप्पा म्हणाले. "साइटवर असताना मित्रांबरोबर कधीमधी घेतली आहे, नाही असं नाही. पण हिच्याबरोबर बसून एक ग्लास घ्यावा अशी फार इच्छा होती. जमलं नाही. आधी घरात माझे वडील होते. ते गेले तोवर मुलं मोठी झाली. मुलं बाहेर पडली तर जावई आले. घर कधी रिकामं झालंच नाही. पन्नास वर्षं झाली. आता आणि किती थांबू?"

मला भरून आलं. असं काही मी कामावर असताना होऊ देत नाही, पण झालं. मग मी पुन्हा गाइड झाले.

"चला मंडळी, बाहेर! द्राक्षांच्या वेलींमध्ये ग्रुप फोटो. सगळ्यांनी यायचं."

"आप्पा-माईंशिवाय ग्रुप फोटो?" प्रसाद म्हणाला.

"हो. त्यांच्याशिवाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आप्पांकडे. मग तो चटकन वळला आणि टाळ्या वाजवत सुटला, "चला रे, चला, उठा, फोटो! नानासाहेब, तुम्ही पुढे व्हा." खोली रिकामी झाली. काचेचं दार लावून तो स्वतः बाहेर उभा राहिला, पाठ आमच्याकडे, तोंड बागेकडे. कोणीतरी टोपी विसरलं म्हणून परत आलं, तेव्हा त्याचा आवाज ऐकू आला, "नंतर घे टोपी. इट्स नॉट दॅट सनी."

ल्युसीने काहीही न विचारता आइस सायडरची बाटली उघडली. हिवाळ्यात झाडावरच गोठलेल्या सफरचंदांची असते ही, गोडसर. दोन छोटे ग्लास भरले. आप्पांनी एक माईंच्या हातात दिला.

"नको बाई," माई म्हणाल्या.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी लांब सरकले. हा आग्रह माझ्या परवान्यात बसत नव्हता, आणि त्यांचा त्यांना जमणार होता.

"एकच घोट," आप्पा म्हणाले. "माझ्यासाठी."

माईंनी पदर सावरला, घोट घेतला, तोंडात घोळवला. आप्पा इतके टक लावून त्यांच्याकडे बघत होते की धबधब्याकडेही तसं बघितलं नसेल.

"म्हणजे ह्याच्यासाठी," माई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही साइटवरून येताना वेलदोडे खाऊन यायचात?"

आप्पांचा ग्लास अर्ध्यात थांबला. "तुला माहीत होतं?"

"खिशात वेलदोडे ठेवणारा इंजिनिअर मी दुसरा पाहिला नाही." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "बरं आहे की. उगाच एकटे एकटे घेत बसलात."

आप्पा हसले ते खोकला लागेपर्यंत. बाहेर प्रसादची पाठ हलत होती. तो हसत होता की आणखी काही, ते मी विचारलं नाही.

ग्रँट माझ्याशेजारी उभा होता; मी त्याला हळू आवाजात सगळं सांगितलं होतं. "वेट," तो कुजबुजला, "त्यांना माहीत आहे की मुलांनी घेतली. मुलांना माहीत आहे की हे आता घेतायत."

"हो."

"मग हे लपवतायत कुणापासून?"

"कुणापासूनच नाही. समोरच्याला तोंड वळवायला जागा देतात, एवढंच." त्याला कळलं की नाही कोण जाणे, पण त्याने मान हलवली आणि स्वतःही भिंतीवरच्या चित्राकडे वळला.

परत निघताना बसमध्ये मला पिशव्या जड झालेल्या दिसल्या. शालींखाली, डब्यांखाली, प्रत्येकाने ल्युसीकडून गुपचूप काहीतरी घेतलं होतं. आणि मला घाम फुटला, कारण एक नियम सांगायचा राहिला होता. बाहेर घेतलेल्या बाटल्या जहाजावर नेता येतात, पण केबिनमध्ये नाही. गँगवेवर, म्हणजे जहाजात शिरायच्या जिन्यापाशी, सिक्युरिटीवाले पिशव्या तपासतात. बाटली निघाली की टेबलावर ठेवतात, नाव लिहितात, आणि प्रवासाच्या शेवटच्या संध्याकाळी परत देतात. सगळं चारचौघांत.

मी माइक घेतला आणि नियम सांगितला. पिशव्या हळूच सीटखाली सरकल्या.

"एक मार्ग आहे," मी म्हटलं. "माझ्याकडे रिकामी खोकी आहेत. सगळ्या बाटल्या एकत्र भरून एकाच नावावर जमा करता येतील. कुणाच्या नावावर देऊ?"

प्रसादने बुटाची नाडी बांधायला घेतली. नानासाहेब खिडकीतून सेंट लॉरेन्स नदी बघत होते, जरी तेव्हा त्यांच्या बाजूला नदी नव्हती.

पुढच्या सीटवरून आवाज आला. "माझ्या."

"आप्पा!" प्रसाद म्हणाला.

"खाली बस. पाठवा रे पुढे."

पिशव्या हातोहात पुढे आल्या. कोणी कुणाकडे बघितलं नाही. खोकी भरली.

गँगवेवर सिक्युरिटी ऑफिसरने खोक्यांकडे पाहिलं, मग काठीवर रेललेल्या आप्पांकडे. "सर, ऑल धिस इज युअर्स?"

"येस," आप्पा म्हणाले. "ऑल माइन."

नानासाहेब मागेच उभे होते. त्यांनी घसा खाकरला. "एवढ्या सगळ्या, आप्पासाहेब?"

"प्रवास मोठा आहे, नानासाहेब," आप्पा शांतपणे म्हणाले. "आणि माणसंही पुष्कळ आहेत. शेवटच्या रात्री माझ्या केबिनमध्ये या सगळे."

नानासाहेबांनी इस्त्रीचा शर्ट सारखा केला, आप्पांना हात दिला आणि दोघं व्याही जिना चढून गेले. मागून माई, हातात उरलेल्या लाडवांचा डबा घेऊन.

ग्रँट शेवटी चढला. "मॉल राहू दे," तो म्हणाला. "वाइनरी ठेव. आणि ते तळघर कायमचं प्रोग्रॅममध्ये घाल."

मी लगेच ल्युसीला फोन केला. आधी नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, उद्याच पायऱ्यांना कठडा बसवते.

कठडा बसला. सहल आजही चालते, आणि सगळ्या देशांची माणसं तळघरात उतरून खूश होऊन वर येतात. ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांच्यासाठी खिडकीजवळ दोन खुर्च्या कायम मांडलेल्या असतात. मी मात्र एक सवय लावून घेतली आहे. बुकिंग मराठी नावाचं दिसलं की फोन करून आधी विचारते, बसमध्ये व्याही किती आहेत. ग्लास किती मांडायचे ते त्यानंतर ठरवते.